टाकल्यावर कुणी हात लावला?

माईंच्या लॉन्ड्रीत तक्रार घेऊन येणारा माणूस दारातूनच ओळखू यायचा. कपडे टाकायला येणारा ते काखोटीला मारून येतो, न्यायला येणारा हात हलवत येतो, आणि तक्रारवाला कपडा दोन्ही हातांवर आडवा घेऊन येतो, जसं काही घरातलं कुणी बेशुद्ध पडलंय. त्या दिवशी वकीलसाहेब तसेच आले. पण त्यांच्या हातांवर त्यांचा काळा कोट नव्हता. पडदे होते. पिवळे, वर बदकं छापलेले.

"माई," वकील म्हणाले, "उद्या सुनावणी आहे. ह्यात उभा राहू का?"

"राहा की," माई म्हणाल्या. "बदकं बघून न्यायाधीश जागे तरी राहतील."

दुकानातली माणसं हसली. वकीलही हसले, कारण माईंच्या तोंडी लागण्यापेक्षा हसून घेणं बरं हे त्यांना अनुभवानं कळलं होतं. माई मात्र हसल्या नाहीत.

कारण ही काही पहिली वेळ नव्हती. मागे व्यायामशाळेच्या मास्तरांना कुण्या गायिकेचा मखमली झगा गेला होता. त्याआधी लग्नाला निघालेल्या एका मुलाला हॉटेलातल्या आचाऱ्याचा डगला. आता वकिलांचा कोट पाळणाघरात पोचला होता आणि तिथं एक पोरगं तो घालून बाकीच्यांना झोपायला पाठवत होतं, असं पाळणाघरवाल्या बाईंनी फोनवर सांगितलं. त्या रागावल्या नव्हत्या. उलट कोट अजून दोन दिवस ठेवू का म्हणून विचारत होत्या.

आणि प्रत्येक वेळी काउंटरवर होत्या माई. दुसरं कुणी नाही.

संध्याकाळी थोरला आला. थोरला म्हणजे माईंचा मोठा मुलगा. दुकानाचा कारभार तो बघतो, म्हणजे फोन कानाला लावून दुकानात शिरतो आणि फोन कानाला लावूनच बाहेर पडतो. त्या दिवशी त्यानं फोन खिशात ठेवला, तेव्हाच माईंनी ओळखलं की काहीतरी वाकडं आहे.

"आई, मी सोमवारपासून काउंटरवर एक माणूस ठेवतोय. पगारी."

"आणि मी?"

"तू घरी बस ना आता आरामात. किती वर्षं उभी राहणार? आणि खरं सांगू का, तुझ्याकडून चुकीचं बटण दाबलं जातं."

"बटण?" माईंचा आवाज चढला. "मला बटणं सांगतोस? शाळेत जायचास तेव्हा शर्टाचं वरचं बटण खालच्या काजात घालायचास. ती सोडून परत कोण लावायचं?"

"आई, ती बटणं वेगळी."

"बोटं तीच आहेत!"

थोरल्यानं मान हलवली. पण त्यानं मान हलवली म्हणजे ऐकलं असं नव्हे, हे त्याला जन्म दिलेल्या बाईला वेगळं सांगायला नको.

आता त्या यंत्राबद्दल सांगायला हवं. पूर्वी दुकानात कपडे भिंतीवरच्या खुंट्यांना असायचे आणि कुठला कपडा कुठं आहे ते माईंच्या डोक्यात. मग धाकटी सून घरात आली. ही धाकटी संगणकाचे प्रोग्राम लिहिते. दिसायला काडीसारखी, बोलायला मोजकी, पण एकदा डोक्यात घेतलं की सोडायची नाही. तिनं छताला फिरती साखळी बसवून घेतली. साखळीला हूक, हुकाला नंबर. काउंटरवर संगणकाचा पडदा, त्यावर बटणं. नवीन गिऱ्हाईक आलं की यंत्र एक चिठ्ठी छापतं, नंबर गिऱ्हाइकाकडे जातो आणि तोच कपड्याला टाचला जातो. न्यायला आलं की नंबर दाबायचा, साखळी घरघरत फिरते आणि कपडा समोर येऊन उभा राहतो.

माईंनी सुरुवातीला नाक मुरडलं. "माझ्या डोक्यात होतं ते छताला कशाला टांगायचं?" पण गुडघ्यांना साखळी आवडली, आणि माईंनी गुडघ्यांचं ऐकलं. पुढं पुढं तर त्या आल्यागेल्याला साखळी फिरवून दाखवायच्या. "माझ्या सुनेनं केलंय. डोक्यातनं काढून."

एकच भांडण झालं होतं. सुरुवातीला यंत्र दुपार झाली की सुस्त व्हायचं. धाकटी म्हणाली की संपलेल्या चिठ्ठ्या यंत्राच्या आठवणीत साठून राहतात, त्यानं होतं. झालं, माईंना विषय मिळाला. "काम झालेली वस्तू घरात ठेवायची नाही, हे तुला मी पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं! स्वयंपाकघरात रिकाम्या बरण्या, यंत्रात रिकाम्या चिठ्ठ्या! टाकून दे की लगेच!" धाकटीनं मान डोलावली आणि केलं तसं. मग यंत्र दिवसभर तुरुतुरु चालायला लागलं. आणि त्यानंतरच कधीतरी हे गफलतींचं सुरू झालं. पण ते दोन्ही धागे तेव्हा कुणी एकत्र बांधले नाहीत.

थोरल्याचं बोलून झाल्यावर धाकटी काउंटरवर आली. एक जुना टॉवेल तिनं गिऱ्हाईक म्हणून घेतला, परत दिला, मग तक्रार म्हणून परत घेतला. सगळं बरोबर. पुन्हा केलं. बरोबर. टॉवेल बिचारा साखळीवर फिरून फिरून दमला असेल, पण यंत्र चुकेना.

"माई, तुम्ही करून दाखवता का? वकिलांच्या वेळचं आठवेल तसं?"

धाकटी शेजारी, धाकटीचा नवरा वाफेची इस्त्री सोडून दारात, थोरला मुद्दाम थांबलेला. सगळ्यांच्या नजरा बोटांवर. माईंनी एकेक बटण असं दाबलं, जशी शाळेतली पोर वरच्या साहेबांसमोर पाढे म्हणते. कपडा घेतला, दिला, 'तक्रार' दाबलं, 'परत धुवा' दाबलं. चिठ्ठी आली. नंबर बरोबर.

"बघा!" माई म्हणाल्या.

"बघितलं," थोरला म्हणाला. "लक्ष देऊन केलंस की बरोबर होतं. म्हणजे एरवी लक्ष नसतं."

माई कपड्यांच्या घड्या घालायला वळल्या. त्या दिवशी त्यांनी आधीच घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घातल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान ओस होतं. माईंनी चष्मा पुसला. सुईदोरा काढला. दोरा पहिल्याच झटक्यात सुईत गेला. त्यांना बरं वाटलं. मग वाटलं, सुई काही यंत्र नाही. मग पडद्यावर हळूच बोट टेकवून बघितलं, थरथरतंय का. थरथरत नव्हतं. पण थरथरत नाही असं आपल्यालाच वाटत असलं तर? म्हातारपण आलं की ते आधी बाकीच्यांना दिसतं, असं त्यांनी इतरांच्या बाबतीत पुष्कळदा म्हटलं होतं. मोठ्यानं, हसून. आता ते वाक्य त्यांच्याच गळ्यात येऊन बसलं.

घरी बसायचं म्हणजे काय करायचं? घरात खिडकी आहे. खिडकीतून भिंत दिसते. ह्या काउंटरवरून माणसं दिसतात. कुणाच्या शर्टाला कुठला डाग आहे ह्यावरून कुणाच्या घरी काय चाललंय ते माईंना कळायचं, आणि त्या कुणाला सांगायच्या नाहीत. म्हणजे फारसं नाही.

धाकटी आली तेव्हा माईंनी सुई पटकन पेटीत टाकली.

"माई, खरं सांगू? मला नाही वाटत तुमची बोटं चुकतात."

"वाटायचंय कशाला? नाहीच चुकत."

"पण सिद्ध करायला हवं. मी ह्यावर एक पहारा बसवते. मेमरी तपासायचं साधन असतं एक. प्रोग्राम चालत असताना ते मागं उभं राहून बघतं."

"म्हणजे माझ्यावर?"

"तुमच्यावर नाही हो, माझ्यावर! माझ्या प्रोग्रामवर." धाकटी स्टूल ओढून बसली. "असं बघा. यंत्राच्या डोक्यातही हूक असतात. नवीन चिठ्ठी केली की प्रोग्राम एक हूक मागून घेतो. काम झालं की हूक सोडून देतो, मग तो दुसऱ्या कुणाला मिळतो. बरोबर? आता समजा, हूक सोडला, पण प्रोग्रामच्या एखाद्या कोपऱ्यात त्याचा जुना नंबर लिहिलेला राहिला. आणि नंतर त्या जुन्या नंबरावरून कुणी हात घातला. तर हाताला काय लागेल?"

"दुसऱ्याचा कपडा," माई म्हणाल्या. मग एकदम ताठ झाल्या. "पडदे!"

"मला तसाच संशय आहे. पण कुठं होतंय ते सापडत नाही. हे साधन काय करतं, सोडलेला हूक लगेच दुसऱ्याला देतच नाही. त्याला सील ठोकतं. सील केलेल्या हुकाला कुणी हात लावला रे लावला, की जागच्या जागी सगळं बंद आणि आरडाओरडा. आणि तीन गोष्टी सांगतं. हे कुणी आणलं होतं, कुणी टाकलं, आणि टाकल्यावर कुणी हात लावला."

माई तिच्याकडे बघतच राहिल्या. आयुष्यभर ह्या घरात त्यांनी हेच तीन प्रश्न विचारले होते. कात्रीबद्दल, किल्लीबद्दल, चांगल्या चादरीबद्दल. आणि आयुष्यभर उत्तर आलं होतं, 'मी नाही बाई.'

"असं साधन असतं?" त्या म्हणाल्या. "आणि हे तू मला लग्न होऊन आल्यापासून सांगितलं नाहीस?"

"घरासाठी नसतं ते, माई."

"काढा म्हणावं कुणीतरी."

एकच अडचण होती. पहारा बसवला की यंत्र मंद होतं, कारण प्रत्येक गोष्ट करण्याआधी ते तपासत बसतं. शनिवारी, गर्दीच्या दिवशी, साखळी अशी चालायला लागली जशी नवी नवरी मांडवात चालते. रांग दारापर्यंत गेली. दुसरं कुणी असतं तर लोक कावले असते. पण काउंटरवर माई होत्या.

"माझा शर्ट येतोय ना?" एकानं विचारलं.

"येतोय. पायी निघालाय."

"माई, मी उभ्या उभ्या म्हातारी होईन," एक नर्सबाई म्हणाली.

"हो बाई, मग आपण दोघी मिळून बसू. मला घरी सोबत नाहीच आहे."

रांगेत हशा. एक दंतवैद्य घाईत होते. त्यांना माई म्हणाल्या, "तुमच्या खुर्चीत आम्ही तोंड उघडून किती वेळ बसतो? आज तुम्ही तोंड मिटून बसा."

पण दुपार होत आली तरी यंत्र ओरडेना. साखळी आपली हळूहळू, पण निमूट फिरत होती. माईंना घाम फुटला. सोमवार दोन पावलांवर, आणि आज यंत्राला शहाणपण सुचलं होतं! मग त्यांच्या लक्षात आलं, आज तक्रारवालाच कुणी आला नाही. सगळी गिऱ्हाइकं खूश. वर्षानुवर्षं ज्या बाईनं दुकानात तक्रार येऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घातलं, तिला आज हवा होता एक रागावलेला माणूस, आणि एकही सापडत नव्हता. कपडे न्यायला आलेल्या एका शिक्षिकाबाईंना त्यांनी विचारूनसुद्धा बघितलं, "नीट बघितलंत ना? बाहीपाशी काही राहिलं नाही?"

"नाही हो, किती सुंदर निघालंय!"

"नीट बघा."

"अहो, खरंच सुंदर आहे!"

"बरं, बरं," माई चिडून म्हणाल्या. "जा मग."

आणि तेवढ्यात दार धाडकन उघडलं. बँडमधला ट्रम्पेटवाला आत आला. अंगानं दांडगा, गालांचे फुगे, आणि दोन्ही हातांवर आडवा घेतलेला लाल कोट. माईंचा चेहरा असा उजळला की ट्रम्पेटवाला दारातच गोंधळला.

"या, या, या! काय झालं? सांगा."

"काय झालं म्हणजे? हा बघा, हा! आत्ता घेऊन गेलो, कोपऱ्यावर जाऊन कव्हर काढलं, तर कॉलरवर तोच डाग! तोच! संध्याकाळी वाजवायचंय मला! लोक ट्रम्पेट ऐकतील की डाग बघतील?"

"अगदी बरोबर बोलताय," माई म्हणाल्या. "पुरे झालं ना बोलून? का अजून आहे?"

"अजून आहे!"

"मग बोला."

तो बोलला. माईंनी कोट घेतला, त्याचा नंबर घातला, त्याच्या डोळ्यांदेखत 'तक्रार' हे बटण दाबलं, आणि मग, रोजच्या सवयीनं, घरातलं कुणी बघत नव्हतं म्हणून, त्यांनी तेच केलं जे त्या अशा माणसाच्या बाबतीत नेहमी करायच्या.

"बाजूला उभे राहा जरा, तुमचं बघतेच," त्या म्हणाल्या, आणि मागच्या दंतवैद्यांकडे वळल्या. "द्या हो तुमचं." नवीन गिऱ्हाईक. पांढरे डगले. नावनंबर. चिठ्ठी. दंतवैद्य गेले. मग माई पुन्हा ट्रम्पेटवाल्याकडे वळल्या. त्याचे गाल एव्हाना खाली आले होते. त्यांनी 'परत धुवा' दाबलं.

साखळी जागच्या जागी थांबली. पडदा काळा झाला. त्यावर वरून खाली लाल-पांढऱ्या ओळी धबाधबा पडल्या आणि थांबल्या.

"मी काही केलं नाही," ट्रम्पेटवाला म्हणाला.

"धाकटे!" माईंनी अशी हाक मारली की मागच्या खोलीत इस्त्री हातातून सुटता सुटता राहिली. "अगं धाव! ओरडलं! तुझं ते ओरडलं!"

धाकटी धावत आली. पडद्याकडे बघितलं आणि तिथंच टुणकन उडी मारली. ही मोजकं बोलणारी मुलगी, पण तिनं माईंना मिठी मारली, आणि बरोबर काउंटरवरच्या कोटालाही.

"सापडलं! माई, सापडलं! कुणी कशाला हात लावू नका!"

"वाच," माई म्हणाल्या. "मोठ्यानं वाच. तिन्ही."

धाकटीनं पडद्यावर बोट ठेवलं. "हे शेवटचं आधी. टाकल्यावर हात कुणी लावला? 'परत धुवा'च्या कामानं. त्यानं ह्यांच्या कोटाची चिठ्ठी उघडायला घेतली. आता खाली, ती आणली कुणी? ह्यांनी कोट टाकला तेव्हा, मंगळवारी... नाही, मी सकाळी यंत्र सुरू केलं तेव्हा भरून घेतली, ठीक आहे. आणि मधलं. टाकली कुणी?" ती थांबली. कपाळाला आठी पडली. "'नवीन गिऱ्हाईक'नं? पण नवीन गिऱ्हाईक मधेच कुठून आलं? तक्रार आणि परत धुवा, ही दोन बटणं तर एकामागोमाग दाबायची असतात." तिनं वर बघितलं. "माई, तुम्ही मधे दुसरं गिऱ्हाईक घेतलंत?"

आता माईंची पंचाईत झाली. ही त्यांची हातोटी होती, आणि हातोटी चारचौघांत सांगायची नसते. पण सगळं दुकान कान टवकारून उभं होतं.

"घेते मी," त्या म्हणाल्या. "रागावलेला माणूस असला की त्याला ऐकून घ्यायचं, बटण दाबलेलं दाखवायचं, आणि मग बाजूला उभं करून मधे एक काम उरकायचं. तेवढ्यात तो निवतो. मग त्याच्याशी माणसासारखं बोलता येतं."

"म्हणजे," ट्रम्पेटवाला म्हणाला, "मला निवायला ठेवलं होतं?"

"निवलात की नाही?"

ट्रम्पेटवाल्यानं आत डोकावून बघितल्यासारखं केलं. "निवलो," तो कबूल झाला.

"माझं हे कधी लक्षातच आलं नाही," धाकटी म्हणाली. ती स्वतःशीच बोलत होती, भराभरा. "मी टॉवेल द्यायची आणि लगेच परत घ्यायची. मधे कुणी नाही. तुम्ही आम्हाला दाखवलंत तेव्हाही लगेच. आणि संपलेल्या चिठ्ठ्या मी टाकते कधी, तर नवीन गिऱ्हाईक आलं की. तुमची तक्रार पडद्यावर उघडी, तिच्या हातात जुना हूक, आणि मी मागून तोच हूक काढून नव्या माणसाला देते! वकिलांचा कोटही परत धुवायला आला होता, त्याचं असंच झालं असणार. एरवी हे दंतवैद्यांचे डगले त्या हुकावर बसले असते आणि ह्यांना त्यांच्याच नंबराची चिठ्ठी मिळाली असती. दोघांना एकच नंबर!"

"मी संध्याकाळी दंतवैद्याच्या डगल्यात वाजवलं असतं?" ट्रम्पेटवाला.

"लोकांनी टाळ्या वाजवून दात दाखवले असते," रांगेतून कुणीतरी म्हणालं.

थोरला नेमका तेव्हा आला. थांबलेली साखळी, दारापर्यंत रांग, काळा पडदा, आणि हसणारं दुकान बघून त्याचा फोन आपोआप खाली आला. धाकटीनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं. मुलगा माईंचाच, बुद्धी कमी नाही. घाई जास्त.

"मग सोपं आहे," तो म्हणाला. "आई, मधे गिऱ्हाईक घ्यायचं नाही. एकाचं पुरं करायचं, मग दुसरं. प्रश्न मिटला. आणि नवा माणूस असला की तो बटणं क्रमानंच दाबेल."

माईंनी तोंड उघडलं. जिभेवर बरंच काही तयार होतं, धार लावलेलं. पण धाकटी आधी बोलली.

"नाही भाऊजी. त्यांनी काही चुकीचं दाबलेलं नाही. तक्रार दाबली, ती उघडी ठेवली, मधे दुसरं काम केलं. यंत्रानं त्यांना कुठंही अडवलं नाही, म्हणजे ते चालायलाच हवं. उघड्या चिठ्ठीला कुणी धरलंय की नाही हे न बघता मी ती टाकून दिली. चूक माझ्या ओळीत आहे. ही बघा, नंबरासकट दाखवलीय."

दुकान ऐकत होतं. माईंनी उघडलेलं तोंड तसंच राहिलं. सुनेच्या तोंडून 'चूक माझी' हे ऐकायला सासू म्हणून त्यांची काही हरकत नव्हती. थोरल्या सुनेकडून तर त्या अजून वाट बघत होत्या. पण ही पोर ते असं सांगत होती, जसं कुणी सांगावं की पेन माझं आहे, खाली पडलं होतं. लाज नाही, रडगाणं नाही. माईंना वाटलं, आपल्याला हे कधी जमलं नाही. आणि लगेच वाटलं, जमायची गरजही फारशी पडली नाही.

"लगेच टाकून दे असं मीच ओरडले होते हिच्यावर," त्या थोरल्याला म्हणाल्या. "तिनं ऐकलं. तू ऐकतोस का कधी?"

धाकटी एव्हाना स्टुलावर बसून लिहायला लागली होती. काय करतेस विचारलं तर म्हणाली, आता चिठ्ठीला जोवर कुणीतरी धरून आहे तोवर ती टाकली जाणार नाही. शेवटच्यानं हात सोडला की मगच. माईंनी मान हलवली. हे त्यांना पटलं. ताटावरून माणूस उठल्याशिवाय ताट उचलायचं नसतं, एवढं त्यांनाही कळत होतं. तोवर माई हातानं चिठ्ठ्या लिहीत होत्या, मोठ्या वाकड्या अक्षरांत, आणि धाकटीचा नवरा शिडीवर चढून साखळीवरचे कपडे काढून देत होता. लाल कोट मागच्या टेबलावर गेला आणि त्याची कॉलर त्यांनी स्वतः घासून दिली. डाग कॉफीचा होता, पण घरच्या कॉफीचा नव्हता. हे त्यांनी ट्रम्पेटवाल्याला सांगितलं नाही, नुसतं त्याच्याकडे बघितलं. त्याचे कान कोटासारखे झाले.

"झालं," धाकटी म्हणाली. "पण पहारा काढायचा नाही अजून. तोच प्रसंग पुन्हा करून बघायचा. तक्रारवाला हवा एक."

रांगेत कुणी तयार होईना. कुणाची काही तक्रारच नव्हती.

"हा आहे की," माईंनी थोरल्याकडे बोट केलं. "ह्याची कायम असते. काढ रे तुझं जाकीट."

थोरल्यानं आजूबाजूला बघितलं. सुटका नव्हती. त्यानं जाकीट काढून दिलं, त्याची चिठ्ठी झाली, जाकीट साखळीवर चढलं, खाली आलं, त्याच्या हातात दिलं. मग तो ते दोन्ही हातांवर आडवं घेऊन काउंटरसमोर उभा राहिला.

"बोल," माई म्हणाल्या. "रागावून बोल. यंत्राला कळलं पाहिजे."

"यंत्राला राग कळत नाही, आई."

"मला कळतो. बोल."

"डाग... राहिलाय," थोरला पुटपुटला.

"ऐकू नाही आलं," मागून नर्सबाई ओरडली.

"डाग राहिलाय!" थोरला ओरडला. "काय दुकान आहे का काय आहे! दर वेळी तेच! मी काय रोज इथं येऊन—" आणि तो खरोखरच तापला, कारण आठवडाभराचं साठलेलं होतं. माईंनी शांतपणे सगळं ऐकलं. 'तक्रार' दाबलं.

"बाजूला उभा राहा जरा, तुझं बघतेच."

थोरला बाजूला जाऊन उभा राहिला, शर्टावर, ट्रम्पेटवाल्याच्या शेजारी. ट्रम्पेटवाल्यानं सरकून जागा दिली.

माईंनी नर्सबाईचे कपडे घेतले. नवीन गिऱ्हाईक, चिठ्ठी. पडदा गप्प. मग तिच्या मागच्या माणसाचे. मग त्याच्या मागच्याचे. धाकटी पडद्याकडे टक लावून बसली होती, तिचे ओठ घट्ट मिटलेले. "एवढे पुरेत, माई," ती हळूच म्हणाली. पण माईंनी आणखी एकाच्या चादरी घेतल्या, सावकाश, एकेक उलगडून बघत. मग वळल्या आणि 'परत धुवा' दाबलं.

साखळी घरघरली. हळू, पण चालली. चिठ्ठी बाहेर आली. माईंनी ती चष्म्याजवळ नेली, मग लांब धरली, मग थोरल्यापुढं केली. नंबर त्याच्या जाकिटाचाच होता. पडद्यावर एकही लाल ओळ नव्हती.

धाकटीनं श्वास सोडला. दुकानातल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, आणि ट्रम्पेटवाल्यानं, ट्रम्पेट बरोबर नव्हता म्हणून, तोंडानंच एक सूर मारला.

थोरला चिठ्ठीकडे बघत राहिला. "बरोबर आहे," तो म्हणाला. मग आईच्या हातांकडे बघून, हळू आवाजात, "मी त्या माणसाला फोन करून सांगतो, सोमवारी येऊ नको म्हणून."

"येऊ दे की त्याला," माई म्हणाल्या. "साखळी आली तरी शिडीवर चढायला माणूस लागतोच, आत्ता बघितलंस. धाकट्याच्या पाठीला आराम मिळेल. काउंटरवर मात्र कुणी पाय ठेवायचा नाही. आणि मला आरामात बसवायचं म्हणतोस ना? मग मला इथं एक खुर्ची आणून दे. पाठीला गादी असलेली."

"आणतो."

"आज."

"आज आणतो, आई."

"आणि उंच असू दे. बसून माणसांचे चेहरे दिसले पाहिजेत."

थोरला फोन न काढता दाराकडे निघाला, जाकीट न घेताच. रांग पुढं सरकली. शेवटी एक बाई उभ्या होत्या, दोन्ही हातांवर निळा झगा आडवा घेतलेल्या, नाक लाल, भुवया वर.

माईंनी धाकटीकडे बघितलं. धाकटीनं पडद्यावर एकदा नजर फिरवली आणि मान हलवली.

"या, या," माई म्हणाल्या. "काय झालं? सगळं सांगा."